टण्ण आणि धप्प

पहिला घाव मी तापलेल्या लोखंडावर घातलाच नाही. नुसत्या ऐरणीवर घातला, हलकासा, हातोडी कशी उसळते ते बघायला. रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. टण्ण्ण् असा आवाज झाला आणि तो थांबेचना. समोरच्या तारेवरचे कावळे उडाले. स्वयंपाकघरातून बायको हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आली. "अहो, काय पडलं?"

"काही नाही. ऐरण वाजवून बघितली."

तिनं ऐरणीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग शेजारच्या बंद खिडकीकडे. "वाजवायची असते का ती?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

तिच्या प्रश्नाला माझ्याकडे खरं तर तयार उत्तर होतं. हो, वाजवायचीच असते. त्या आवाजासाठी तर आणली. आमचं गाव फलटणकडचं. शाळेच्या वाटेवर चिंचेखाली लोहारसाळ होती, आणि शाळेत जातानाचा तो खणखणाट माझ्या डोक्यात पन्नास वर्षं वाजतोय. निवृत्तीनंतर माणसं बासरी शिकतात, ट्रेकला जातात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरून भांडतात. मी एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, मायक्रॉनच्या हिशोबात. आता मला डोळ्याच्या अंदाजानं, रंगाच्या अंदाजानं, घाव घालत काहीतरी करायचं होतं, आणि त्याला तो आवाज हवा होता.

ऐरण मिळाली पुण्याच्या जुन्या बाजारात. तीन-चार बुधवार-रविवार नुसत्या फेऱ्या मारण्यात गेले. एकदा रुळाचा कापलेला तुकडा 'ऐरण' म्हणून गळ्यात पडता पडता वाचला. मग एका ढिगाखाली ही दिसली. एका बाजूला निमुळतं शिंग, दुसऱ्या बाजूला चौकोनी टाच, टाचेत एक चौकोनी आणि एक गोल भोक, मध्ये बारीक कंबर. लंडन पॅटर्न म्हणतात तो हाच घाट. गंजाखाली 'पेटंट' एवढी अक्षरं वाचता येत होती. कंबरेवर तीन आकडे होते, एकमेकांपासून लांब लांब ठोकलेले : १ १ १२.

विकणारा म्हणाला, "एकशेबारा किलो आहे साहेब, लिहिलंयच की वर." मी गप्प राहिलो. इंग्रजी ऐरणींवरचं वजन हंड्रेडवेटमध्ये असतं. पहिला आकडा पूर्ण हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंड. दुसरा पाव हंड्रेडवेटचा, २८ पौंड. तिसरा उरलेल्या पौंडांचा. म्हणजे ११२ अधिक २८ अधिक १२, एकूण १५२ पौंड. किलोत ६९. काट्यावर चढवली तेव्हा ६७ च्या वर भरली. मधले दीड-दोन किलो कुणाकुणाच्या घावांनी, गंजानं आणि शंभरेक वर्षांनी खाल्ले असणार. कुठल्या रेल्वे वर्कशॉपातून निघाली की कुठल्या कारखान्यातून, हे तिनं सांगितलं नाही आणि विकणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं.

घेताना दोन परीक्षा केल्या. खिशात बेअरिंगची इंचभराची गोळी नेली होती. ती पट्टी उभी धरून १० इंचांवरून सोडायची आणि किती उसळते ते बघायचं. मधोमध ८ इंच उसळली. म्हणजे वरचा पोलादी थर अजून कडक आहे. या जुन्या ऐरणींचं अंग मऊ घडीव लोखंडाचं असतं आणि माथ्यावर पोलादाचा पाट भट्टीत तापवून जोडलेला असतो. तो पाट कुठं सुटला असेल तर गोळी तिथं मरते. दुसरी परीक्षा आवाजाची. छोट्या हातोडीनं सगळीकडे टकटक करत जायचं. अंगात तडा असेल, पाट उकलला असेल, तर आवाज फाटका येतो, फुटक्या मडक्यासारखा. हिचा आवाज शिंगापासून टाचेपर्यंत एकसारखा खणखणीत. विकणाऱ्यानं ते ओळखलं आणि भाव वाढवला. म्हणजे ज्या आवाजाचे मी जास्तीचे पैसे मोजले, तोच आवाज मारायला पुढचे तीन महिने आणि वर आणखी पैसे घालवले. असो.

शेजारच्या वहिनी त्या रविवारी आल्या नाहीत. बुधवारी आल्या, वाटी परत करायला. आमच्याकडं कुणी तक्रार घेऊन येत नाही, वाटी घेऊन येतं. वाटीत दोन अळूवड्या होत्या. बराच वेळ पावसाबद्दल बोलणं झालं. मग दारात चप्पल घालताना म्हणाल्या, "छंद चांगलाच आहे हो. माझं काहीच म्हणणं नाही. फक्त आमचा आत्ता कुठं झोपलेला असतो."

त्यांचा मुलगा अमेरिकेतल्या कुणासाठी तरी घरून काम करतो. पहाटे चारला लॅपटॉप मिटतो. त्याची मध्यरात्र आमच्या सकाळी आठला पडते. आणि आमची रो-हाऊस अशी की त्याच्या पलंगाचं डोकं आणि माझी पार्किंगमधली भट्टी यांच्यात नऊ इंचांची एकच भिंत. मी थोडा कायदाही बघून ठेवला होता. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, आणि दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. ज्याची रात्र सकाळी होते त्याचं काय, हे नियमात नाही. पण तेवढ्यावर मी सुटत नव्हतो. फोनमधल्या ॲपवर माझा एक घाव १०४ दाखवत होता. फोन म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, तरी ५५ आणि १०४ मध्ये फोनची चूक बसत नाही. वर्तमानपत्रात रोज कुठला ना कुठला प्रश्न ऐरणीवर येतो. आमच्याकडं ऐरणच प्रश्न झाली.

*

मग मी आधी ती वाजते कशी हे बघायला बसलो. जुनी खोड.

पायथागोरसची एक दंतकथा आहे. तो लोहारसाळेवरून जात होता, आतून हातोड्यांचे सूर जुळलेले ऐकू आले, आत जाऊन त्यानं हातोड्या तोलल्या तर वजनं १२, ९, ८ आणि ६ अशा प्रमाणात निघाली आणि त्याला संगीताचं गणित सापडलं. गोष्ट देखणी आहे आणि साफ खोटी. मी अर्धा किलोची, एक किलोची आणि दोन किलोची अशा तीन हातोड्या एकाच जागी मारून बघितल्या. आवाज मोठा होत गेला, सूर जागचा हलला नाही. गाते ती ऐरण. हातोडी नुसती तिला जागं करते.

आणि ऐरण सगळीकडून सारखी गात नाही. मधोमध, कंबरेच्या बरोबर वर मारलं तर आवाज आखूड. शिंगावर किंवा टाचेवर मारलं तर लांबलचक. कारण उघड आहे. मधल्या भागाखाली सगळं लोखंड उभं आहे, शिंग आणि टाच मात्र दोन्हीकडं हवेत तरंगतात. शाळेतल्या नादकाट्याच्या दोन पायांसारखी. घाव बसला की ती क्षणात हजारो वेळा खालीवर थरथरतात. डोळ्याला दिसत नाही, पण टाचेखाली बोट लावलं की मुंग्या येतात आणि आवाज विझतो. देवळातली घंटा वाजत असताना तिला हात लावला की ती गप्प होते, तेच. सगळा मामला धरण्या-सोडण्याचा आहे. रुळाचा एक तुकडा तारेनं टांगला तर शाळेची घंटा होते, तोच जमिनीत पुरला तर गुरं बांधायचा खुंट.

घडीव लोखंडाच्या आणि ओतीव पोलादाच्या ऐरणी जास्त वाजतात. स्वीडनच्या ओतीव पोलादी ऐरणी तर त्यासाठी लोहारांत बदनामच आहेत. उलट अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्रेन्टनला फिशर नावाच्या कारखान्यात ओतीव बिडाच्या अंगावर पोलादी पाट बसवून ऐरणी करत. त्या जवळजवळ वाजतच नाहीत. बिडात ग्राफाइटचे बारीक पापुद्रे असतात, थरथर त्यांच्यातच जिरते. लेथचं बेड बिडाचं का करतात, याचंही एक कारण तेच. एकतीस वर्षं त्या बेडला टेकून उभा होतो, तेव्हा ते मला गप्प ठेवतंय हे लक्षात आलं नव्हतं.

आता उपाय. पहिला उपाय मी सपशेल चुकवला आणि तो चुकल्यामुळेच पुढचं कळलं. व्यायामशाळेत टाकतात ती जाड रबरी मॅट आणली, २० मिलिमीटरची, आणि ऐरणीखाली घातली. मनात हिशोब असा की रबर आवाज खातं. एक घाव घातला. भिंतीतून जाणारा दणका कमी झाला, हे खरं. पण टण्ण पहिल्यापेक्षा स्वच्छ, लांब आणि गोड झालं. शिवाय ऐरण मॅटवर डुलायला लागली. घाव लोखंडात जायच्याऐवजी अर्धा रबरात जात होता. दंडाला कळ लागली आणि सळई मात्र हवी तेवढी पसरेना.

तेव्हा ध्यानात आलं की मी दोन आवाजांना एक समजत होतो. एक दणका आहे, तो पायातून, फरशीतून, भिंतीतून जातो आणि झोपलेल्या माणसाच्या पलंगाला लागतो. दुसरी रणरण, ती ऐरणीच्या अंगातून हवेत सुटते. मऊ गादी दणक्याला अडवते, पण ऐरणीला आणखी मोकळी सोडते, टांगलेल्या घंटेसारखी. रणरण मारायची तर ऐरणीलाच कशाशी तरी बांधायला हवं, आणि ते असं काही हवं जे स्वतः थरथरणार नाही.

साखळीचा उपाय जुना आहे. जाड साखळी कंबरेला वेढून सोडायची. घाव बसला की कड्या एकमेकींवर आणि लोखंडावर घासतात, थरथर त्यात संपते. आवाज बराच कमी झाला, पण प्रत्येक घावामागं छन् असा एक शेपटा लागला. बायको खिडकीतून म्हणाली, "आता पैंजण घातलेत वाटतं."

मग लोहचुंबक. माळ्यावर एक फाटका स्पीकर होता, त्याच्या मागचं वाटोळं चुंबक काढलं आणि टाचेच्या खालच्या अंगाला चिकटवलं. घाव घातला आणि मी स्वतःच चमकलो. टाचेवरचा शेपटाच कापला गेला होता. एवढंसं चुंबक, पण थरथर जिथं सगळ्यात मोठी तिथंच ते बसतं, लोखंडाबरोबर नाचायला लागतं आणि घासून घासून तिचा जोर मोडतं. आठवडाभर मी येईल त्याला हे दाखवत होतो. तापल्या लोखंडावरून घावानं कीट उडतं ना, काळे पापुद्रे, तेही चुंबकाला चिकटतं. आठ दिवसांत ऐरणीला मिशा फुटल्या. अजून दर रविवारी फडक्यानं पुसतो.

पण हे सगळे वरवरचे इलाज. ऐरण अजून चार विटांवर ठेवल्यासारखी उभी होती, मूळ दुखणं तिथंच होतं. तिला बसवायला हवं होतं.

*

वखारीतून बाभळीचा ओंडका आणला. १६ इंच व्यासाचा, तीन फुटांना दोन बोटं जास्त. बाभूळच का, तर बाभूळ कठीण, चिवट आणि फुटायला नाखूश. बैलगाडीची चाकं उगाच बाभळीची करत नसत. वजन शंभर किलोच्या वर होतं. टेम्पोवाल्यानं उतरवताना विचारलं, "खाटकाचं दुकान काढताय का काका?"

पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक काढून दीड फूट खड्डा घेतला. तळाला खडी, वर वाळू. ओंडक्याच्या खालच्या भागाला वाळवीसाठी डांबर फासलं. ओंडका उभाच पुरायचा, झाडात उभा होता तसा, म्हणजे लाकडाच्या रेषा उभ्या राहतात आणि घाव त्या रेषांच्या टोकांवर येतो. आडवा टाकला तर वर्षभरात दबतो आणि फाटतो. खड्ड्यात सोडला, भोवती वाळू आणि खडी थर थर करून पहारीनं ठोकली, पाणी सोडलं, हलवला, परत ठोकली. खुंटा हलवून बळकट करणे म्हणजे काय, हे मी मराठीच्या पेपरात आयुष्यभर चुकीचं लिहीत आलो होतो. शंका घेऊन पुन्हा खात्री करणं असा तो शाब्दिक मामला नाहीच. हलवल्याशिवाय वाळू खाली उतरतच नाही.

उंचीचं एक जुनं माप आहे. सरळ उभं राहायचं, हात मोकळा सोडायचा, मूठ वळायची. बोटांची पेरं जिथं येतात तिथं ऐरणीचा माथा. माझी पेरं जमिनीपासून ३० इंचांवर येतात, ऐरण ११ इंचांची, म्हणजे ओंडका १९ इंच वर. त्याहून उंच केली तर खांद्यातून मारावं लागतं, खाली केली तर कंबर जाते. समोर घण मारणारा दुसरा माणूस असेल तर आणखी खाली घेतात. आपल्याकडं लोहार बसून काम करतो, त्याची ऐरण तर जमिनीबरोबरच. ते आठवलं तेव्हा नुसतंच आठवलं, त्यावर विचार केला नाही. करायला हवा होता.

ओंडक्याच्या डोक्याला कडं चढवलं तो दिवस मात्र सविस्तर सांगायलाच हवा, कारण भट्टीवर मी केलेलं ते पहिलं खरं काम. दीड इंच रुंदीची पट्टी, घेर ओंडक्यापेक्षा पाव इंच कमी, जोड वेल्डिंग करून घेतलेला. गावात चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवायचे तेव्हा गोवऱ्यांच्या रिंगणात ती तापवायचे. मीही तसंच केलं. कडं गोवऱ्यांत आडवं ठेवलं आणि लाल होऊ दिलं. मी आणि शेजारचा मुलगा, दोन सांडश्या. होय, तोच. दुपारी एकला डोळे चोळत बाहेर आला होता, धूर कसला ते बघायला. "काका, मी धरू का?" म्हणाला. कडं उचललं, ओंडक्यावर ठेवलं, एका बाजूनं अडलं, मी हातोडीनं ठोकत ठोकत खाली घेतलं. लाकडानं पेट घेतला, पिवळी ज्योत कडेनं पळत गेली. त्यानं बादली ओतली. वाफेत काही दिसेना. आणि त्या वाफेतून लाकडाचा आवाज आला, करकर, करकर, दाबल्यासारखा. लोखंड गार होत आवळत होतं आणि ओंडका कण्हत होता. तो मुलगा एवढंच म्हणाला, "बाप रे." त्या दिवसापासून त्याच्या झोपेबद्दल मला जरा जास्त वाईट वाटायला लागलं.

कडं बसल्यावर वरचा भाग रंध्यानं सपाट केला, पाणसळ लावून. मग काचा बसवणारे वापरतात तो सिलिकॉन. बंदुकीनं त्याच्या जाड वळ्या घातल्या आणि ऐरण अलगद वर ठेवली. अलगद म्हणजे तिघांनी, बोटं वाचवत. तिच्या वजनानं सिलिकॉन कडेनं बाहेर आला. लोखंड आणि लाकूड यांच्यात कुठंही पोकळी राहता कामा नये, एवढाच त्याचा उद्देश. जाडी ३-४ मिलिमीटरच, कारण फार जाड थर म्हणजे पुन्हा ती रबरी मॅट. चार दिवस हात लावला नाही. मग पायांवरून लोखंडी पट्ट्या टाकून लांब कोच स्क्रूनं ओंडक्याला आवळल्या. पुष्कळ जण इथं खिळे ठोकून वाकवतात आणि झालं म्हणतात. खिळा ऐरणीला पडू देत नाही, पण धरत नाही. तिला लाकडावर खाली खेचणारं काहीतरी हवं. पाना हातात घेऊन एकेक स्क्रू पाव पाव आटा आवळत गेलो आणि प्रत्येक वेळी टाचेवर हातोडी टेकवून ऐकत गेलो. टण्ण. टण्. टन्. ठक्. शेवटच्या अर्ध्या आट्यात ती अचानक लाकडाची झाली.

मग सळई तापवली, केशरी रंगावर आली तशी ऐरणीवर घेतली आणि मारली.

धप्प.

ॲप म्हणालं ८८. दहा डेसिबलला आवाज कानाला निम्मा वाटतो म्हणतात, त्या हिशोबानं तिसऱ्या हिश्श्यावर आला. सळई मात्र पहिल्यापेक्षा सरळ पसरत होती, कारण ऐरण आता घावाखालून सरकत नव्हती. रणरणीत जाणारी ताकद तशी नगण्यच असते, पण डुलण्यात जाणारी नसते. सगळं माझ्या मनासारखं झालं होतं आणि मला अजिबात बरं वाटेना. कुणीतरी बोलता बोलता तोंडावर हात ठेवून गप्प केल्यासारखं. दुसऱ्या आठवड्यात त्या मुलानं कुंपणावरून विचारलं, "काका, सोडून दिलं का?" मी म्हटलं, "नाही रे, रोज चालू आहे." तो खूश झाला. मी आत जाऊन चहा मागितला.

कानाचं म्हणाल तर मला बुद्धी उशिरा आली. पुण्यात कसब्यात तांबट आळी आहे. तांब्याची भांडी ठोकून मठारकाम करणारी घरं तिथं पेशव्यांच्या काळापासून आहेत. एका मित्राबरोबर तिथं गेलो होतो तेव्हा एका म्हाताऱ्या कारागिराशी बोलताना आम्हाला प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागलं. तो मात्र मठारताना पत्र्याची जाडी आवाजावरून सांगत होता. ठोकणाऱ्यांचा कान आधी वरच्या पट्टीत जातो, चार हजार हर्ट्झच्या आसपास. साधं बोलणं बरीच वर्षं ऐकू येत राहतं, म्हणून कळत नाही. ऐरणीची रणरण नेमकी त्याच भागात, जिथं माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो. इटलीतल्या रामाझिनी नावाच्या वैद्यानं तीनशे वर्षांपूर्वी तांबटांच्या बहिरेपणाबद्दल लिहून ठेवलंय. आमच्या गावचे लोहारबाबाही ओरडूनच बोलायचे. आम्हाला वाटायचं रागीट आहेत. (तांबट नावाचा पक्षीही असतो, उन्हाळ्यात टुक् टुक् करत बसतो. त्याला अजून कुणी कानात बोळे घाल म्हणालेलं नाही. मी घालतो, आता ८८ असलं तरी.)

*

गेल्या उन्हाळ्यात सातबाऱ्याच्या कामासाठी गावाला गेलो. तलाठ्याची वाट बघण्यात दुपार जाणार हे ठरलेलंच, म्हणून चिंचेकडं वळलो. लोहारबाबा जाऊन वीस वर्षं झाली. मुलगा आता फॅब्रिकेशन करतो, गेट, ग्रिल, पत्र्याची शेड. त्याच्या कटर मशीनचा आवाज असा की माझ्या १०४ ला लाज वाटावी. जुनी ऐरण तिथंच आहे, रंगाच्या डब्यांच्या आणि वेल्डिंग रॉडच्या खोक्यांच्या मागं. शिंग नाही, टाच नाही. लोखंडाचा एक चौकोनी ठोकळा, बाभळीच्या ओंडक्यात रुतलेला, आणि ओंडका जमिनीत, वर जेमतेम वीतभर.

"न्यायचीय का?" तो म्हणाला. "काढायची तर जेसीबी लागंल."

मी खाली बसलो, त्याच्याकडची हातोडी घेतली आणि मारली.

धप्प.

पुन्हा मारली. कडेला मारली, कोपऱ्यावर मारली. धप्प, धप्प. माझ्या पार्किंगमधलाच आवाज. तो मशीन बंद करून माझ्याकडं बघत उभा होता. भिंतीशी बाजेवर त्याची आई बसली होती. ऐंशीच्या पुढं असतील. बाबा सांडशीत फाळ धरून बसायचे आणि समोर उभं राहून घण या मारायच्या, पदर खोचून. आम्ही पोरं त्यांना बाबांपेक्षा जास्त घाबरायचो.

मी म्हटलं, "मावशी, ही आधी वाजायची ना? खण खण?"

"कोन?"

"ऐरण."

"ऐरण कशापायी वाजंल?" त्या म्हणाल्या. "वाजली म्हंजी घाव चुकला. लोकंड सोडून उगड्यावर बसला. मग ह्ये वराडायचे."

"पण मी ऐकलंय मावशी. शाळेला येताना, लांबून ऐकू यायचं."

त्यांनी जरा विचार केला. "ती साळंची घंटा," त्या म्हणाल्या. "रूळ टांगल्याला हुता न्हवं त्या फांदीला? शिपाई वाजवायचा. हातुडी आमचीच, दांडा मोडल्याली. ह्येंनीच दिल्ती त्याला."

मी वर बघितलं. चिंचेच्या फांदीला तारेचा वळ अजून आहे, सालीत रुतलेला. रूळ नाही.

मावशींनी मला जवळ बोलावलं आणि माझा उजवा हात ओढून घेतला. तळवा उलटा करून उन्हाकडं धरला. अंगठ्याच्या मुळाशी फुटलेला फोड होता, त्यावरून बोट फिरवलं.

"दांडा लई आवळून धरतूस," त्या म्हणाल्या.